रुपये पुण्यात, कागद काशीत: हुंडी कशी चालायची

सन १७५० च्या आसपासचा काळ धरू. पुण्यातल्या एका सधन माणसाकडे एक लाख रुपये आहेत आणि ते त्याला काशीत हवे आहेत. घाट बांधायचा असेल, अन्नछत्र घालायचं असेल, कारण काहीही असो. हे रुपये म्हणजे चांदी. एक रुपया साधारण अकरा-साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे लाखाचं वजन अकराशे किलोच्या वर गेलं. पाठीवर ओझं वाहणारा बैल शंभर-सव्वाशे किलो पेलतो. तेव्हा दहा बैल, ते हाकणारी माणसं आणि भोवती हत्यारबंद शिपाई. पुण्याहून काशी वाटेनं चौदाशे किलोमीटरच्या आसपास, आणि लादलेला बैल दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालला तरी खूप. नद्यांचे उतार, जकातीची ठाणी, लुटारू, आजारी पडणारे बैल हे सगळं धरलं तर तीन महिने कुठे गेले नाहीत. एवढं करून पोचल्यावर काशीचा सराफ ही दख्खनची नाणी उलटसुलट करणार, वाजवून बघणार आणि बट्टा कापणार, कारण त्याच्या बाजारात ती चालत नाहीत.

प्रत्यक्षात अशी वरात सहसा कुणी काढत नसे. तो माणूस पेठेतल्या सावकाराकडे जाई, रुपये मोजून देई आणि एक कागद घेऊन बाहेर पडे. काशीत ठरलेल्या पेढीवर तो कागद दाखवला की तिथले चलनी रुपये हातात. हा कागद म्हणजे हुंडी.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: पुण्यातली चांदी पुण्यातच राहिली, मग काशीच्या पेढीवर रुपये आले कुठून? हुंडीचं सगळं मर्म या प्रश्नात आहे.

आधी माणसं ओळखून घेऊ. हुंडीत किमान तीन पक्ष असतात: ती लिहिणारा, ज्याच्यावर ती लिहिली तो, आणि जो ती घेऊन पैसे मागायला जातो तो. नरसी मेहतांची गोष्ट आठवा. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत लुटलं जाण्याची भीती होती. जुनागडात कुणीतरी थट्टेनं त्यांना सांगितलं, नरसी मोठा सावकार आहे, त्याच्याकडून हुंडी घ्या. त्यांनी सातशे रुपये नरसींपुढे ठेवले. नरसींची द्वारकेत पेढी नव्हती आणि ओळखही नव्हती. त्यांनी देवाचं नाव घेऊन शामळशा सेठवर हुंडी लिहून दिली, रुपये साधुसंतांवर खर्च केले, आणि द्वारकेत प्रत्यक्ष कृष्णानं सेठचा वेष घेऊन ती हुंडी पटवली. भक्तांना यात चमत्कार दिसतो. हिशेबनिसाला मात्र एक नेमकी गोष्ट दिसते: पलीकडे कुणी ओळखीचा नसताना, तिथे आपले पैसे जमा नसताना हुंडी लिहिणं हे इतकं अशक्य काम, की ते पटवायला देवालाच यावं लागलं. साध्या सावकाराच्या मदतीला देव येत नसल्यामुळे त्याला पलीकडे भाऊ, जावई, गुमास्ता किंवा निदान पिढ्यांचा आडत्या ठेवावा लागे.

आता त्या काशीच्या रुपयांकडे येऊ. पुण्याकडून काशीकडे पैसा जायची कारणं उघड आहेत: यात्रा, दानधर्म, तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा खर्च. नुसतं एवढंच असतं, तर काशीच्या पेढीतली तिजोरी चार महिन्यांत रिकामी झाली असती. पण उलट्या दिशेनंही पैसा यायचा होता. माळवा आणि बुंदेलखंडातला वसूल, उत्तरेतल्या खंडण्या पुण्याला पाठवायच्या होत्या. व्यापारही होता. वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून पार गंगाकाठी मिर्झापूरला जात असे, आणि मिर्झापूर काशीच्या जवळच. म्हणजे कापूस घेणारा मिर्झापूरचा व्यापारी वऱ्हाडाला पैसे देणं लागतो, आणि पुण्या-नागपूरकडचा यात्रेकरू काशीत पैसे मागतो.

समजा, त्या कापसाचे पन्नास हजार मिर्झापूरहून वऱ्हाडात पोचायचे आहेत, आणि त्याच महिन्यात दख्खनच्या यात्रेकरूंचे मिळून पंचेचाळीस हजार काशीत पोचायचे आहेत. गंगाकाठच्या व्यापाऱ्यानं आपले पन्नास हजार काशीच्या पेढीवर भरले. त्यातूनच पेढीनं यात्रेकरूंच्या हुंड्या चुकत्या केल्या. इकडे यात्रेकरूंनी भरलेल्या पैशातून कापूसवाल्याचं देणं फिटलं. पंचाण्णव हजारांची देवघेव झाली आणि फरक उरला पाच हजारांचा. तो पुढच्या खात्यात ओढायचा, किंवा इंदूर, बुऱ्हाणपूर, सुरत अशा तिसऱ्याच गावाच्या पेढीमार्फत वळवायचा. अगदीच नाइलाज झाला तर तेवढ्यापुरती चांदी हलवायची. थोडक्यात, रुपये कधीच पुण्याहून काशीला गेले नाहीत. काशीचे रुपये काशीत फिरले, दख्खनचे दख्खनमध्ये, आणि वाटेवरून गेला तो फक्त कोण कुणाला किती देणं लागतो याचा निरोप.

म्हणून हुंडीची किंमतही रोज बदले. तिला हुंडणावळ म्हणत. दोन्हीकडचं येणंजाणं सारखं असेल तर हुंडणावळ थोडी. सगळेच एका दिशेला पैसे पाठवू लागले, म्हणजे ऐन यात्रेत किंवा वसुलीच्या हंगामात, की ती चढे. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या देशात अनेक खेपा करून गेला. सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे गावोगावचे दर त्यानं टिपून ठेवले आहेत: अहमदाबादेहून शेकडा एक-दीड, बुऱ्हाणपूरहून अडीच ते तीन, काशीहून सहा, पाटण्याहून सात-आठ आणि ढाक्याहून दहा. नकाशा न बघता नुसत्या या आकड्यांवरून कुठलं गाव सुरतेपासून किती लांब, याचा अंदाज बांधता येतो. दर इतके चढे का, याचं कारणही त्यानं दिलं आहे. पैसे देणारा वाटेतला धोका पत्करत असे. माल लुटला गेला तर त्याचे पैसे बुडाले. पुढे जोखमी हुंडी म्हणून ओळखला गेलेला प्रकार हाच. माल सुखरूप पोचला तरच ती पटायची. म्हणजे एकाच कागदात कर्ज होतं, पैशाची पाठवणी होती आणि विमाही होता. आज याच तीन गोष्टींसाठी तीन खिडक्यांपुढे उभं राहावं लागतं.

हुंड्यांचे प्रकार पुष्कळ, पण मुख्य भेद दोन. दर्शनी हुंडी दाखवल्याबरोबर पटवायची. मुदती हुंडी ठरलेले दिवस उलटल्यावर. मुदती हुंडी हे खरं तर कर्जच. आज माल घेतला, दोन महिन्यांनी पटणारी हुंडी लिहून दिली, तेवढ्यात माल विकला. ती ज्याच्या हातात आली त्याला दोन महिने थांबायचं नसेल, तर तो थोडी सूट देऊन ती तिसऱ्याला विके. तिसरा चौथ्याला. पाठीमागे सह्या वाढत जात. अशी चार हातांतून फिरलेली हुंडी नव्या हुंडीपेक्षा जास्त भरवशाची, कारण आता तिच्यामागे एकाऐवजी चार पेढ्या उभ्या.

चोराच्या हाती ती पडली तर? याचं उत्तर मला सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत हुशार भाग वाटतो. हुंडीत बहुतेकदा शाहजोग असा शेरा असे. म्हणजे पैसे फक्त शाहाला, बाजारात नाव असलेल्या प्रतिष्ठित सावकारालाच द्यायचे. कुणी आगंतुक कागद घेऊन आला तर त्याला एक रुपयाही मिळायचा नाही. त्याला आधी त्या गावातला एखादा शाहा गाठावा लागे, आणि तो शाहा ओळख पटल्याशिवाय हात लावत नसे. कारण हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली तर घेतलेले रुपये त्या शाहाला व्याजासकट परत करावे लागत. चौकशीचं सगळं काम अशा माणसाच्या गळ्यात घातलेलं, ज्याला ते टाळणं परवडत नाही. पोलीस नको, कोर्ट नको.

लिहिण्याची रीतही याच सावधपणातून आलेली. मजकूर साधारण ठरलेला: काशी शुभस्थानी अमक्या पेढीस पुण्याहून अमक्याचा रामराम. तुमच्यावर हुंडी केली रुपये १०००, अक्षरी एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरते देणे, येथे अमक्याचे ठेवले, अमुक मितीपासून इतक्या दिवसांनी, शाहजोग, चलनी नाणे. रक्कम आकड्यात, अक्षरात आणि वर निम्मी सांगून दुप्पट. एकाचे दहा करायचे तर तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागणार. शिवाय पेढीची स्वतंत्र सूचना वेगळ्या वाटेनं पुढे गेलेली असे. कागद वाटेत हरवला तर लिहिणारा दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. तीन प्रती बाजारात असल्या तरी पैसे एकदाच, आणि पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोकं म्हणत; एकदा खोकं झालं की ती कायमची मेली.

पुण्याकडे मोडी, तर मारवाडी-गुजराती पेढ्यांवर महाजनी लिपी. महाजनीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत. तिच्यावरचा जुना विनोद उत्तरेत अजून सांगतात. ‘काका अजमेर गये’ असं पत्र आलं, घरच्यांनी ते ‘काका आज मर गये’ असं वाचलं आणि रडारड सुरू झाली. थट्टा सोडली तरी बाहेरच्याला वाचताच येऊ नये ही सोय काही वाईट नव्हती.

आतापर्यंत पैशाचं बोललो. पण वर म्हटलं तसं, वाटेवरून जात होता तो निरोप. म्हणजे सावकाराचं खरं भांडवल तिजोरीत नव्हतंच. कुठल्या गावी कुणाची पत कशी आहे, कुठे पाऊस पडला, कुठे फौज चालून आली, कुणाचा मुलगा दत्तक गेला, हे दुसऱ्याच्या आधी कळणं हे भांडवल. त्यासाठी काशीद पोसायचे. काशीद म्हणजे पत्र पोचवणारा माणूस. महत्त्वाचं पत्र असलं की जोडी पाठवत, एक पडला तरी दुसरा पुढे जाईल म्हणून. दिवस ठरवून अजुरा, म्हणजे मजुरी, ठरे. लवकर पोचलं तर बक्षीस, उशीर झाला तर कपात. सरकारी जासूद होतेच, पण सावकारांची डाक त्यांच्या तोडीस तोड असे, आणि कधी कधी वरचढ.

पानिपतची बातमी याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आहे, फक्त आपण त्याच्याकडे या बाजूनं कधी बघत नाही. १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झालं. नानासाहेब पेशवे फौजेसह उत्तरेकडे निघालेले. कुणी हा प्रसंग नर्मदेच्या उतारावरचा सांगतात, कुणी भिलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशेच्या, मुक्कामातला. वाटेत एक काशीद सापडला. त्याच्याजवळचं पत्र फोडलं, तर त्यात मजकूर होता: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ, सरदार आणि बिनमोजणीचे शिपाई. शाळेपासून हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण ते पत्र नानासाहेबांना लिहिलेलं नव्हतं. ते एका सावकारानं आपल्या दख्खनच्या माणसांना पाठवलं होतं, आणि काशीद पेशव्यांचा नव्हे, सावकारांचा होता. त्यानं पानिपताहून नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचा करार केला होता, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ लिहितो. पानिपत ते औरंगाबाद सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरच्या वर भरतं. म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. एकट्या पायी माणसाच्या आवाक्यातलं हे काम नाही. घोडं किंवा सांडणी बदलत, नाहीतर टप्प्याटप्प्यावर माणूस बदलतच ते व्हायचं.

एवढी घाई कशासाठी? हळहळ कळवायला कुणी एवढा अजुरा मोजत नाही. माझ्या मते उत्तर हुंडीत आहे. मराठी सरदारांच्या नावावर, त्यांच्या उत्तरेतल्या वसुलीच्या भरवशावर औरंगाबाद-बुऱ्हाणपूरच्या बाजारात हुंड्या फिरत असणार. ती वसुली आता येणार नव्हती. बाजारात बोभाटा व्हायच्या आत ज्या पेढीला हे कळेल, ती नव्या हुंड्या घ्यायचं थांबवेल आणि जुन्या दुसऱ्याच्या गळ्यात मारेल. एका दिवसानं आधी कळलं तरी पेढी वाचते. सरकारच्या आधी सावकाराला कळलं यात म्हणूनच नवल नाही.

त्याच पानिपतावर हुंडीची मर्यादाही दिसली. हुंडी चालायला पलीकडे चालता बाजार लागतो. वेढलेल्या छावणीत तो कुठला? भाऊंनी १७६० च्या पावसाळ्यात दिल्लीच्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली ती हौसेनं नाही. पुढे पानिपतावर कोंडी झाल्यावर दिल्लीहून रोख रुपये घोडेस्वारांच्या अंगावर बांधून आणायची वेळ आली. जानेवारीच्या सुरुवातीला अशी एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली, मराठीत बोलल्यामुळे ओळखली गेली आणि कापली गेली. ती रक्कम पोचवायला भरवशाचा एकच मार्ग होता आणि तो नेमका बंद झाला होता.

सावकार आणि सत्ता यांचं नातं तसं दोन्ही बाजूंनी चिवट. थोरले बाजीराव लाखोंचं कर्ज डोक्यावर ठेवून गेले. त्यांचे एक मोठे सावकार बाबूजी नाईक बारामतीकर, बाजीरावांच्या बहिणीचे दीर. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांनी याच बाबूजींना पेशवेपद द्यावं म्हणून शाहू छत्रपतींकडे खटपट केली. धनको थेट धन्याच्या गादीवर बसायला निघाला होता. ते जमलं नाही, हे वेगळं.

पतीचं वजन बघायचं तर बंगालात जावं. मुर्शिदाबादचे जगतशेठ म्हणजे सरकारचा महसूल दिल्लीला हुंडीनं पाठवणारं घराणं. १७४२ मध्ये मराठ्यांना मिळालेला मीर हबीब नागपूरकर भोसल्यांचे स्वार घेऊन मुर्शिदाबादेवर चालून गेला आणि जगतशेठांची कोठी लुटली. त्या काळच्या एका फारसी इतिहासकारानं ही लूट दोन कोटी अर्काटी रुपयांची सांगितली आहे. आकडा फुगलेला असेल. पण तोच लिहितो, की शेठांवर त्याचा परिणाम दिसला नाही आणि ते पूर्वीसारख्याच कोटीकोटीच्या दर्शनी हुंड्या देत राहिले. आपल्या स्वारांनी चांदी आणली, पत मात्र मुर्शिदाबादेतच राहिली.

हे इंग्रजांना लवकर उमगलं. कंपनीचा मुंबई इलाखा सदा तोट्यात असे, बंगालात महसूल भरपूर. कलकत्त्याहून मुंबईला चांदी हलवण्यापेक्षा काशीचे गोपालदास मनोहरदास, सुरतेचे अर्जुनजी नाथजी त्रवाडी अशा पेढ्यांच्या हुंड्यांवरून पैसे आणणं त्यांना सोयीचं पडलं. पश्चिम हिंदुस्थानात कंपनीच्या फौजा उभ्या राहिल्या त्यात या हुंड्यांचा मोठा वाटा होता. इतिहासात तोफांचं वर्णन जास्त येतं.

पेढी बुडाली तर काय होई? हुंडी नाकारली गेली की बातमी त्याच संध्याकाळी बाजारभर. लिहिणाऱ्याला मूळ रक्कम, व्याज आणि वर नुकसानी द्यावी लागे. अब्रू झाकायला कधी कधी सोबत जिकरी चिठ्ठी जोडलेली असे: समोरच्या पेढीनं नकार दिलाच, तर गावातल्या अमक्या मित्रानं ही हुंडी पटवून आमची लाज राखावी. आणि सगळंच हाताबाहेर गेलं, तर गादी उलटी करून, दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून बसायचं. घेणेकऱ्यांनी काय ते समजावं.

एकोणिसाव्या शतकात ही घडी एकेका टोकाकडून सुटत गेली. १८३५ मध्ये कंपनीनं सगळीकडे एकच रुपया केला आणि चांदवडी, अंकुशी, अर्काटी अशा नाना तऱ्हेच्या रुपयांच्या बट्ट्यावर जगणारे सराफ निम्मे बसले. १८५० च्या दशकात तार आली, तेव्हा काशिदाच्या नऊ दिवसांना अर्थ राहिला नाही. कलकत्त्याचा भाव त्याच दिवशी मुंबईत कळू लागला आणि तोही एकट्या पेढीला नाही. १८८० मध्ये टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली. गिरणीत राबणाऱ्या कोकणी माणसाला दरमहा पाच-दहा रुपये रत्नागिरीकडच्या घरी पाठवायचे, तर शाहजोग हुंडीचा त्याला काय उपयोग? त्याला कुठला शाहा ओळखत होता! हुंडीचं जग प्रतिष्ठितांचं होतं. साध्या चाकरमान्याची सोय पोस्टमननं केली.

मोठ्या व्यापाराला मात्र मनीऑर्डर पुरेना, कारण ती पैसे पोचवते, उधार देत नाही. मुदती हुंडी म्हणूनच टिकली. १८८१ च्या कायद्यानं चेक आणि हुंडी असल्या कागदांना एका चौकटीत घेतलं, पण देशी भाषांतल्या कागदांबाबत स्थानिक रिवाजाला हात लावला नाही. मुंबईत मुलतानी म्हणून ओळखले जाणारे शिकारपुरी सराफ विसाव्या शतकातही छोट्या व्यापाऱ्यांच्या हुंड्या घेत, त्यांवर आपली सही करत आणि बँकेत नेऊन वटवत. बँकेला तो छोटा व्यापारी माहीत नसे, सराफ माहीत असे. हुंडीसाठी सरकारी मुद्रांकाचे कागद मिळू लागले होते. माथ्यावर इंग्लंडच्या राणीचं चित्र, आणि खाली तेच: रामराम, रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरते देणे.